दुसऱ्याच्या कढईला कान बसवताना

माझे वडील कसब्यात, तांबट आळीत, कढयांना कान बसवून द्यायचे. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मीही तेच केलं, फक्त खराडीत आणि एसीत बसून. गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या योगवर्गात बायका विचारतात, "तुम्ही आयटीत होतात म्हणजे नक्की काय करायचात हो?" मी दोन-तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं. शेवटी कढई सांगितली, तेव्हा कुठे माना डोलल्या. म्हणून इथेही कढईच सांगते.

लंडनच्या एका कंपनीकडे हिशेबाची एक लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे. तयार आकडेमोडीची. अमुक रोखा, म्हणजे बॉण्ड, दहा वर्षांनी फिटणार, मध्ये मध्ये व्याज देणार, तर आज त्याची किंमत काय, असल्या प्रश्नांची उत्तरं देणारी. ती लिहिली होती सी प्लस प्लसमध्ये. ही भाषा म्हणजे जाड बुडाची कढई. काम झरझर करते, पण उघड्या हातानं धरायची सोय नाही. तिथले विश्लेषक बसायचे पायथनमध्ये. ही दुसरी जातकुळी. चार ओळी लिहा, चालवा, बघा, बदला, पुन्हा चालवा. अशा चार ओळींना स्क्रिप्ट म्हणतात. आता पायथनवाल्याला ती कढई उचलायची तर तिला कान हवेत. त्या कानांना आमच्या धंद्यात बाइंडिंग म्हणतात. लायब्ररीतल्या निम्म्या गोष्टींना ते आधीच होते. उरलेल्यांना बसवायचं काम आमच्याकडे आलं.

काम कसं चालायचं, तर एक यादीची फाइल असते. तिच्यात लिहायचं की आतली ही ही वस्तू बाहेर दिसू दे, तिला या नावानं हाक मारता येऊ दे, तिच्या हातात अमुक द्यायचं, तिच्याकडून तमुक घ्यायचं. ती फाइल एका यंत्राला दिली की ते जोडणीच्या हजारो ओळी आपोआप ठोकून काढतं. त्या ओळी कुणी वाचत नाही. यादीत काय लिहायचं, एवढंच आमचं कसब. आणि चूक झाली तर तीही तिथेच.

मी हे कुठल्या कॉलेजात शिकले नाही. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून लग्न केलं. मुलगा शाळेत जायला लागल्यावर लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये चौकशीच्या खिडकीत बसले. दुपारी दोन ते चार खोली रिकामी असायची. तिथे मशीनसमोर बसून दुसऱ्याचे प्रोग्रॅम अक्षर न अक्षर उतरवून काढायचे आणि एकेक ओळ बदलून काय मोडतं ते पाहायचे. मोडून मोडून शिकले. नक्कल करणं हीच माझी शाळा होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढे दोन-तीन छोट्या कंपन्या झाल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी खराडीच्या कंपनीनं लेखी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. तेव्हा खराडीत चार काचेच्या इमारती होत्या आणि बाकी बाभळी. रुजू होताना एचआरच्या मुलीनं शिक्षणाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "मॅम, इथे काय लिहू?" मी म्हटलं, "जे आहे ते लिही." तिनं तो रकाना मोकळा सोडला. त्या मोकळ्या रकान्याची मला अकरा वर्षं भीती वाटली, आणि त्या भीतीपायीच हा सगळा प्रकार घडला.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. त्या लायब्ररीत 'आजची तारीख' नावाची एकच गोष्ट सगळ्यांच्यात मिळून होती, एखाद्या घरात एकच भिंतीवरचं कॅलेंडर असावं तशी. लंडनच्या एका साहेबांनी मागल्या नाताळची किंमत काढायची म्हणून ती मागे नेली, आणि परत आणायचं विसरून जेवायला गेले. तासभर त्यांच्या शेजारच्या टेबलावर सगळे रोखे मागल्या नाताळात बसलेले. मग आम्हाला फोन, "तुमच्या बाइंडिंगमुळे काळ मागे जातो." आमचा मॅनेजर केदार शांतपणे म्हणाला, "सर, पुढे न्यायचा असेल तर वेगळा चार्ज पडेल." साहेबांना विनोद कळला नाही. त्यांनी लेखी कोटेशन मागवलं.

हा केदार तेव्हा तिशीतला, कर्वेनगरचा. मला काकू म्हणायचा आणि कामाच्या बाबतीत अजिबात काकू समजायचा नाही. आमच्या तिघांच्या टीममधले तिसरे भोयर सर.

भोयर सर मूळचे वर्धा जिल्ह्यातले, आर्वीचे. एका विनाअनुदानित कॉलेजात नऊ वर्षं संख्याशास्त्र शिकवून, पगार वेळेवर मिळण्याची आशा सोडून चाळिशीत पुण्याला आलेले. बायको आणि मुलीसह चंदननगरला दोन खोल्यांत राहायचे आणि ऑफिसला चालत यायचे. त्यांचं काम तपासणीचं. मी एखाद्या वस्तूला कान बसवला की ते चाळीस रोख्यांच्या किमती त्या कानानं उचलून पाहायचे, शेजारी स्वतःच्या पद्धतीनं त्याच किमती काढायचे, आणि जुळल्या की लंडनला अहवाल पाठवायचे. त्यांची नेमणूक सहा महिन्यांच्या करारावर होती. कायम करायचं की नाही ते केदारच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

एका मंगळवारी दुपारी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, जरा पाहता का. सतरा नंबरचा रोखा भलताच आकडा देऊन राहिला."

"भलताच म्हणजे किती?"

"शंभराच्या आसपास पाहिजे. हा उणे दाखवून राहिला. उणे किंमत कशी असेल रोख्याची?"

मी मान वळवून त्यांच्या हातातला कागद पाहिला. त्यांना सगळं छापून घ्यायची सवय होती, मास्तर ना. कागदावर तपासणीसाठी मी लिहून दिलेली नेहमीची स्क्रिप्ट नव्हती. त्यांनी स्वतः पायथन शिकून ती नव्यानं, नीटनेटकी लिहिली होती. छोटी छोटी फंक्शन्स पाडलेली, म्हणजे एकेक काम वेगळ्या कप्प्यात. माझी स्क्रिप्ट म्हणजे एका खोलीतला संसार, सगळं समोर मांडलेलं.

खरं तर त्यांचंच चांगलं होतं. पण मला त्या दिवशी आणखी दोन कान बसवून द्यायचे होते आणि डोकं तापलेलं होतं. मी म्हटलं, "भोयर सर, ज्याला जे येतं ते त्यानं करावं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये काहीतरी राहिलं असेल. माझी चालवा, येईल बरोबर."

ते "बरं मॅडम" म्हणून गेले. माझी चालवली. आकडा बरोबर आला. चाळीसच्या चाळीस जुळले. अहवाल गेला.

पुढच्या सोमवारी दुपारी अडीच वाजता लंडनचा रोजचा कॉल होता. केदार, भोयर सर आणि मी, मध्ये तो तीन पायांचा स्पीकरफोन. पलीकडे पॉल, त्यांच्याकडचा प्रमुख. आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटायची. तो म्हणाला, आमच्याकडे सकाळी सतरा नंबरच्या रोख्याची किंमत उणे आली, मग बरोबर आली, मग काही लाखांत आली. तुमचा अहवाल म्हणतो चाळीस जुळले. आम्ही आमच्या फंक्शनमधून बोलावतो तेव्हा जुळत नाहीत. मला एवढंच कळायला हवं, की ही तपासणी खरंच झाली होती, की कुणी आकडे हातानं भरले?

केदारनं भोयर सरांकडे पाहिलं. भोयर सर इंग्रजीत, अडखळत म्हणाले, "सर, एकदा उणे आलं होतं. पुन्हा चालवल्यावर बरोबर आलं."

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं," पॉल म्हणाला. "आणि अहवालात नाही."

भोयर सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून पूर्ण संपवला, आणि दुसरा भरला.

कारण पॉलच्या तोंडून 'आमच्या फंक्शनमधून' हे शब्द आले त्याच क्षणी मला तो मंगळवारचा कागद आठवला होता. भोयर सरांच्या कागदावरही फंक्शन होतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. नक्की काय ते कळलं नव्हतं, पण भानगड भोयरांच्या आकड्यांत नाही, माझ्या कानात आहे, असा वास मला आला होता. मी गप्प बसले.

पॉलनं बुधवारच्या कॉलपर्यंत उत्तर मागितलं. बाहेर आल्यावर केदारनं भोयर सरांचं मशीन बंद करायला लावलं. "सर, वैयक्तिक घेऊ नका, चौकशी संपेपर्यंत फक्त. बसा कॅन्टीनमध्ये, हजेरी लागेल." भोयर सरांनी डबा, छत्री आणि कागदांची फाइल उचलली आणि गेले.

मी केदारला म्हटलं, "अरे, तो माणूस आकडे भरणाऱ्यातला नाही."

"काकू, मलाही तसं वाटत नाही. पण पॉलला बुधवारी काहीतरी द्यावं लागणार. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

"बघते," म्हटलं. माझ्याकडे पुरावा नव्हता, हे खरं. आणि तो नव्हता याचं मला थोडं बरं वाटलं, हेही खरं.

संध्याकाळी पीएमटीनं परत निघाले. येरवड्याला तुरुंगाची लांबच लांब भिंत लागते, रोज लागायची. त्या दिवशी मी खिडकी बदलून पलीकडे बसले. घरी यजमानांना सगळं सांगितलं. ते टेलिफोन खात्यातले, बोलायचे मोजकंच.

"मग सांगून टाक," ते म्हणाले.

"सांगायला पुरावा नको?"

"भोयरांच्या वेळी कुणी मागितला?" एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

मंगळवार पूर्ण वाया गेला. मी माझी स्क्रिप्ट शंभर वेळा चालवली. शंभर वेळा बरोबर. यादीची फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. माझ्या डोळ्यांना माझंच लिहिलेलं सगळं बरोबर दिसत होतं. एचआरची मुलगी दोनदा शेजारून गेली आणि दोन्ही वेळा मला तो मोकळा रकाना आठवला. लंडनला कळलं की कान बसवणारी बाई पदवीधरही नाही, तर पुढे काय, याची पूर्ण पटकथा मी मनात लिहून काढली. आणि तिकडे खाली कॅन्टीनमध्ये तो माणूस सकाळी साडेनऊपासून हजेरी लावून बसलेला. दुपारी जेवायला मी खाली गेलेच नाही. डबा टेबलावर खाल्ला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता मात्र गेले. भोयर सर खिडकीजवळच्या टेबलावर होते. चहा निवून साय आलेली.

"सर, मला तुमची ती स्क्रिप्ट हवी होती. मशीन तर बंद आहे."

"मशीन कशाला पाहिजे मॅडम," ते म्हणाले आणि फाइल उघडून चार पानं काढली. "छापलेली आहे ना."

पहिल्या पानावर तो उणे आकडा होता. त्यावर लाल पेन्सिलीनं एक आडवी रेघ, आणि शेजारी तारीख, मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. खाली बारीक अक्षरात, 'मॅडमच्या स्क्रिप्टनं बरोबर. माझ्या स्क्रिप्टनं का नाही?'

"हे खोडलं नाहीत?"

"मुलांना सांगायचो मी, चुकलेलं उत्तर गिरवून काळं करू नका, एक रेघ मारा. मागून वाचता आलं पाहिजे. तीच सवय राहिली." मग जरा थांबून म्हणाले, "हे अहवालात लिहायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. "देता का ही पानं" एवढंच तोंडातून निघालं.

वर येऊन मी त्यांची स्क्रिप्ट अक्षर न अक्षर उतरवली, क्लासच्या रिकाम्या खोलीत उतरवायचे तशी. चालवली. बरोबर. वीस वेळा बरोबर. बारा वाजून गेले होते. मग मी ती वाचायला लागले, चालवायच्या ऐवजी.

इथे थोडा धंदा समजून घ्या. रोख्याची किंमत काढायला व्याजदरांची एक रेघ लागते. आज काय दर, वर्षानं काय, दहा वर्षांनी काय, अशी वर-खाली जाणारी. तिला वक्र म्हणतात. हा वक्र बनवून किंमत काढणाऱ्या इंजिनाच्या हाती द्यायचा. भोयर सर वक्र एका फंक्शनच्या आत बनवत होते. फंक्शन संपलं की आत बनवलेल्या ज्या वस्तूंचं नाव कुणी धरून ठेवलेलं नाही, त्या पायथन झाडून टाकतो. त्याचा स्वतःचा सफाईवाला असतो. सी प्लस प्लसकडे तो नसतो. तिथे ज्यानं त्यानं आपलं उचलायचं.

लग्नाच्या कार्यालयातली पंगत डोळ्यांसमोर आणा. एक पाहुणा जरा उठून फोनवर बोलायला गेला. सफाईवाल्याला पाटावर कुणी दिसलं नाही, त्यानं 'ही जागा रिकामी' अशी खूण केली. पान अजून तिथेच आहे, भातही आहे. पाहुणा लगेच परत आला तर जेवतो, काही बिघडत नाही. पण मधल्या वेळात तिथे दुसरा कुणी बसला, दुसरं पान वाढलं गेलं, तर परत आलेला पाहुणा दुसऱ्याच्याच ताटात हात घालतो. इंजिन म्हणजे तो पाहुणा, आणि वक्र म्हणजे त्याचं पान. म्हणून आकडा बहुतेक वेळा बरोबर, आणि कधीतरी उणे, कधीतरी लाखांत. माझ्या एका खोलीच्या संसारात वक्राचं नाव शेवटपर्यंत समोर धरलेलं असायचं, त्यामुळे सफाईवाला तिकडे फिरकायचाच नाही.

हे रोखायची जबाबदारी कान बसवणाऱ्याची. यादीत एक ओळ लिहायची असते, की इंजिन आहे तोवर हा वक्र धरून ठेव. ती ओळ मी या इंजिनासाठी लिहिली नव्हती. का? कारण त्याच्या थोरल्या भावासारखं दिसणारं एक इंजिन आधीच यादीत होतं. मी त्याच्या आठ ओळी उतरवल्या, नाव बदललं आणि पुढे गेले. थोरलं इंजिन आपला वक्र स्वतःच घट्ट धरून ठेवायचं, त्याला सांगावं लागत नव्हतं. धाकटं दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं, ते नुसतं बोट दाखवून मोकळं व्हायचं. लायब्ररीच्या आत डोकावून पाहिलं असतं तर कळलं असतं. मी बाहेरून पाहिलं. नकलेवर उभं राहिलेलं माझं शिक्षण नकलेवरच आपटलं.

कळलं, पण दाखवायला हवं होतं. एक वाजला होता. मी भोयर सरांच्या फंक्शननंतर मुद्दाम दहा हजार फालतू वस्तू बनवल्या, म्हणजे रिकाम्या जागांवर गर्दी होईल. चालवलं. शंभराच्या रोख्याची किंमत काही कोटींत आली. इतका चुकीचा आकडा पाहून मला आयुष्यात कधी इतकं हायसं वाटलं नव्हतं. ती एक ओळ लिहिली, यंत्र पुन्हा फिरवलं. त्याला पाऊण तास लागायचा. तो पाऊण तास मी खुर्चीत बसून नुसती टक्केवारी पाहत होते. मग पुन्हा चालवलं. शंभराच्या आसपास. पुन्हा. पुन्हा. गर्दी दुप्पट केली, तरी तेच.

दोन वाजून दहा मिनिटांनी केदारला पॅसेजमध्ये गाठलं आणि सांगितलं. तो भिंतीला टेकला.

"काकू, हे भारी झालं. कॉलवर एवढा तपशील नको पण. 'कारण सापडलं, दुरुस्त केलं' एवढं म्हणू."

"आणि भोयर सर?"

तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "त्यांच्याबद्दल मेल गेलाय एचआरला सकाळी. करार संपवायचा. मला पॉलला काहीतरी द्यायचं होतं ना."

"मग तो परत घे."

"घेतो ना. कॉल होऊ दे. आधी वातावरण बघू."

अडीच वाजले. पॉलनं पहिलाच प्रश्न विचारला, "तपासणी करणाऱ्याचं काय ठरलं?" केदारनं घसा साफ केला. मी स्पीकरफोन माझ्याकडे ओढला. माझं इंग्रजी कामापुरतं. त्या दिवशी कामापुरतंच लागणार होतं.

म्हटलं, तपासणी करणाऱ्यानं चूक गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी पकडली होती. त्यानं ती मला दाखवली. मी त्याला गप्प केलं आणि माझी स्क्रिप्ट चालवायला लावली. चूक बाइंडिंगमध्ये आहे आणि ते बाइंडिंग मी लिहिलं आहे. मग वक्राचं सगळं सांगितलं, पंगत वगळून.

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला. केदार टेबलाकडे बघत होता. मला त्या आवाजात माझा राजीनामा टाइप होताना ऐकू येत होता.

पॉल म्हणाला, "दुरुस्ती टिकते का?"

"टिकते."

"अशी आणखी किती इंजिनं असतील?"

"माहीत नाही. सगळी आतून वाचावी लागतील."

"मग वाचा. ही उद्या पाठवा." आणि तो पुढच्या मुद्द्याकडे वळला.

इतकंच. चार मिनिटं सुद्धा नाही. ज्याला भिऊन मी दोन दिवस एका माणसाला कॅन्टीनमध्ये बसवून ठेवलं, ते चार मिनिटांत संपलं, आणि शिक्षणाचा रकाना कुणी विचारलाही नाही. वडील कढईला कान बसवला की ती उलटी करून ठोकून बघायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणायचे, "निसटला तर मी नाही भाजणार, उचलणारा भाजेल." मी लहानपणापासून ते ऐकत आले होते, आणि मला ते तांब्यापितळेपुरतंच वाटलं होतं.

केदारनं माझ्यासमोर मेल मागे घेतला. गुरुवारी सकाळी भोयर सरांचं मशीन सुरू झालं. त्यांनी आल्या आल्या स्वतःची स्क्रिप्ट लावली, दोनशे वेळा चालवली, दोनशे आकडे छापून घेतले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मॅडम, एक विचारू? सोमवारी त्या कॉलवर तुम्हाला शंका आली होती का?"

"आली होती."

"मला वाटलंच. तुम्ही दोन ग्लास पाणी प्यायले." ते कागद सारखे करत होते. "बायकोनं आर्वीची तिकिटं काढायला लावली होती. आज रद्द करायला जातो दुपारी."

"माझं चुकलं, भोयर सर. फार चुकलं."

"होते असं मॅडम," ते म्हणाले. ते वाढीव करारावर वर्षभर राहिले. केदारनं कायम करायचा शेरा दिला होता, पण वरून कुठेतरी अडलं. सकाळी गेलेला मेल दुपारी मागे घेता येतो, वाचणाऱ्याच्या डोक्यातून नाही. पुढे अमरावतीला कॉलेजात जागा मिळाली तसे ते गेले. त्या वर्षभरात आम्ही तीनशेच्या वर इंजिनं आणि वस्तू आतून वाचल्या, तशा आणखी सात चुका सापडल्या, त्यातल्या पाच त्यांनी पकडल्या. ज्याला जे येतं ते त्यानं करावं, हे माझं वाक्य त्यांनी कधी काढलं नाही. मी ते परत घेतलंही नाही. माफी मागितली ती गप्प बसल्याची, त्या वाक्याची नाही. ते तसंच राहून गेलं.

त्या गुरुवारी मात्र एक केलं. यादीच्या फाइलमध्ये दुरुस्तीच्या ओळीशेजारी शेरा लिहायची पद्धत असते, कुणी आणि कधी. मी टाइप केलं, 'दोष पकडला: एस. भोयर', आणि आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारची तारीख घातली.

पाठवण्याआधी केदार नजर टाकायचा. म्हणाला, "काकू, तारीख चुकलीय. आज गुरुवार. आणि सापडलं काल."

"मला काल सापडलं," मी म्हटलं. "पकडलं तेव्हाच होतं."

त्यानं वाद घातला नाही. मी ते पान छापून भोयर सरांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा चढवला, सावकाश वाचलं, खिशातली लाल पेन्सिल काढली. बरोबरची खूण करतील असं मला वाटलं. त्यांनी तारखेपुढे एक बारीकशी फुली मारून, काहीतरी राहिलंय अशी मास्तरांची खूण केली.

"वेळ राहिली मॅडम," ते म्हणाले. "चार वाजून दहा मिनिटं."

मी जागेवर येऊन वेळ घातली, आणि फाइल लंडनला पाठवली.